हिमनदी तलाव फुटून येणारे पूर आणि ईस्ट इंडिया कंपनीवरचं सरकारी नियंत्रण: दोन्ही उत्तरांत नेमकं काय राहतंय?

सातूची_वही

नमस्कार मंडळी. मुख्य परीक्षेची तयारी चालू आहे, रोज एक-दोन उत्तरं लिहून तपासून घेते. गेल्या आठवड्यात दोन प्रश्न सोडवले आणि दोन्हींत निम्म्याच्या खाली मार्क. पहिला होता हिमालयातले हिमनदी तलाव फुटून जे पूर येतात त्यांची कारणं आणि उपाय, दुसरा १७७३ ते १८५८ या काळात ब्रिटिश सरकारने ईस्ट इंडिया कंपनीवर टप्प्याटप्प्याने ताबा कसा मिळवला.

पहिल्यात मी लिहिलं की तापमान वाढतंय म्हणून बर्फ वितळतो, तलाव मोठे होतात आणि फुटतात, आणि उदाहरणं दिली केदारनाथ २०१३, चमोली २०२१, सिक्कीम २०२३. तपासणाऱ्यांनी चमोलीभोवती लाल गोल केलाय आणि बाजूला लिहिलंय "फुटतो म्हणजे काय होतं?" दुसऱ्यात तर मला सगळ्या तरतुदी पाठ आहेत, १७७३ चा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट, १७८४ चा पिट्स इंडिया अ‍ॅक्ट, १७९३, १८१३, १८३३, १८५३ चे चार्टर अ‍ॅक्ट (कंपनीच्या सनदेची मुदत वाढवणारे कायदे), सगळं ओळीने लिहिलं, तरी शेरा काय तर "१७७३ चा कायदा होता तर १७८४ चा का लागला?"

आणि खरंच, हे मला सांगता येत नाही. पुस्तकात "रेग्युलेटिंग अ‍ॅक्टमध्ये त्रुटी होत्या" एवढंच एक वाक्य आहे. कोणी नीट समजावेल का? मार्कांपेक्षा आता मलाच ते डोक्यातून जात नाहीये.

पाणलोट

ताई, आधी चमोलीचं बघू कारण ही चूक भरपूर जण करतात. ७ फेब्रुवारी २०२१ ला तिथे तलाव फुटलाच नव्हता. रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा अख्खा कडा सुटून खाली आला, साधारण २ कोटी ७० लाख घनमीटर, त्यात बहुतेक खडकच. खाली येता येता बर्फ घासून वितळला, त्याचा चिखल झाला आणि तो ऋषिगंगा आणि तपोवनच्या प्रकल्पांवर गेला, दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. पहिल्या दिवशी टीव्हीवर सगळीकडे "ग्लेशियर फुटला" चाललं होतं, तेच लोकांच्या डोक्यात बसलंय. उत्तरात चमोली घ्यायचंच असेल तर "सगळे हिमालयी पूर तलावफुटीचे नसतात" हे सांगायला घ्या, मग तेच उदाहरण तुमच्या बाजूने बोलेल.

आता फुटतो म्हणजे काय. हिमनदी पुढे सरकताना दगड, वाळू, माती समोर ढकलत नेते, बाजूलाही टाकते, त्याला आपण हिमोढ म्हणतो. मग हिमनदी मागे हटली की त्या हिमोढाच्या मागे खळगा उरतो आणि त्यात पाणी साठतं. म्हणजे हा बांध कोणी बांधलेला नाही, नुसता सुटा ढिगारा आहे, कुठे कुठे त्याच्या पोटात जुना बर्फ अडकलेला असतो आणि तो वितळला की बांध आतून खचतो. असा तलाव वर्षानुवर्षं शांत राहू शकतो. त्यात वरून बर्फाचा किंवा दरडीचा मोठा तुकडा पडला की लाट उठते, लाट बांधावरून उसळते, आणि खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते, कारण वाहणारं पाणी त्या सुट्या मातीत खाच पाडतं, खाच खोल झाली की जास्त पाणी जातं, जास्त पाणी गेलं की खाच अजून खोल. काही तासांत, कधी त्याहून कमी वेळात तलाव रिकामा होतो. पाऊस, भूकंप, बांधातून झिरपणारं पाणी हीसुद्धा कारणं आहेत पण हे खाचेचं चक्र बहुतेक ठिकाणी असतंच. तुमच्या उत्तरात नेमकं हेच नव्हतं.

सिक्कीमचं साऊथ ल्होनाक या सगळ्याचं जिवंत उदाहरण आहे. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री तलावाच्या बाजूचा गोठलेला हिमोढ, साधारण दीड कोटी घनमीटर, कोसळून पाण्यात पडला, जवळपास २० मीटरची लाट उठली, समोरचा बांध फुटला आणि सुमारे ५ कोटी घनमीटर पाणी तीस्तेच्या खोऱ्यात सुटलं. पण त्या पाण्याने वाटेत काठ खरवडून उचललेला गाळ होता २७ कोटी घनमीटरच्या आसपास! खालच्या गावांवर जे आलं ते नुसतं पाणी नव्हतं, तलावात होतं त्याच्या कितीतरी पट जड असा चिखलदगडांचा लोंढा होता. चुंगथांगचं १२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचं ६० मीटर उंच धरण त्यात वाहून गेलं. ५५ जणांचा मृत्यू झाला, ७४ बेपत्ता.

केदारनाथचं चोराबाडी मात्र जरा वेगळं, तिथे आधी जोराचा पाऊस आणि बर्फाचं पाणी भरलं आणि १७ जून २०१३ ला सकाळी हिमोढ फुटला. म्हणजे तुमच्या तीन उदाहरणांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच ओळीत गोळा केल्या म्हणून लाल गोल आला.

दप्तरखाना

दुसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, लांब होईल, सांभाळून घ्या.

तुम्ही १७७३ पासून सुरुवात केलीत पण गोष्ट १७६५ पासून सुरू होते. दिवाणी मिळाली आणि एक व्यापारी कंपनी बंगालचा महसूल गोळा करायला लागली. लंडनमध्ये सगळ्यांना वाटलं आता पैशाचा पाऊस, भागधारकांनी लाभांश वाढवून घेतला, सरकारनेही १७६७ पासून वर्षाला ४ लाख पौंड मागायला सुरुवात केली. इकडे १७७० चा बंगालचा दुष्काळ, लोक अन्नावाचून मरतायत आणि महसुलाची वसुली चालूच, कंपनीचे नोकर स्वतःचा खाजगी व्यापार करून गबर होतायत आणि कंपनी स्वतः मात्र खड्ड्यात. १७७२ ला वेळ अशी आली की जी कंपनी सरकारला पैसे देणार होती तीच सरकारच्या दारात कर्ज मागायला उभी राहिली. १४ लाख पौंड मिळाले पण त्याबरोबर कायदा आला. हे लिहिलंत की रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट का आला ते आपोआप कळतं, सरकारला अचानक भारताचा कळवळा आला असं काही नव्हतं, आणि बंगालमध्ये जे मेले त्यांच्यासाठी तर हा कायदा नव्हताच. मला हे वाचताना आजही त्रास होतो.

आता कायदा काय करतो. बंगालच्या गव्हर्नरला गव्हर्नर जनरल करतो, त्याच्याबरोबर चार जणांचं कौन्सिल देतो आणि निर्णय बहुमताने. पहिला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज, त्याला एकच मत, फक्त समसमान झालं तर निर्णायक मत. आणि चारातले तिघे, क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फिलिप फ्रान्सिस, ऑक्टोबर १७७४ मध्ये जहाजातून उतरले तेच त्याच्या विरोधात. हेस्टिंग्जच्या बाजूने एकटा बारवेल. म्हणजे दोन वर्षं गव्हर्नर जनरल स्वतःच्याच कौन्सिलमध्ये अल्पमतात. सप्टेंबर १७७६ ला मॉन्सन वारला तेव्हा कुठे त्याचं निर्णायक मत कामाला आलं. राज्यकारभाराची दिशा कोणाच्या मरणावर ठरावी ही कायद्याची त्रुटी, पुस्तकातलं ते एक वाक्य म्हणजे हे.

दुसरी त्रुटी आपल्या अगदी घरची आहे, ती उत्तरात घ्याच. कायद्याने मुंबई आणि मद्रासला सांगितलं की युद्ध आणि तह कलकत्त्याला विचारल्याशिवाय करायचे नाहीत, पण एक पळवाट ठेवली, तातडीची वेळ असेल किंवा लंडनहून थेट हुकूम असेल तर चालेल. नारायणरावाचा खून झालेला, बारभाईंनी राघोबाला बाहेर काढलेलं, आणि मुंबईकर इंग्रजांचा डोळा साष्टी आणि वसईवर. त्यांनी ६ मार्च १७७५ ला राघोबाबरोबर सुरतेचा तह करून टाकला, कलकत्त्याला न विचारता. कलकत्त्याने तो रद्द ठरवला, कर्नल अप्टनला पुण्याकडे पाठवलं आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह केला. एवढं होतंय तोवर लंडनहून कंपनीच्या डायरेक्टरांचं, म्हणजे संचालकांचं, पत्र येतं की सुरतेचा तह आम्हाला मान्य आहे! पत्र जहाजाने यायला सहा-सहा महिने लागायचे, त्यामुळे प्रश्न विचारला आणि उत्तर आलं यात वर्ष जायचं. मग पुढे काय झालं ते आपल्याला माहीतच आहे, जानेवारी १७७९, वडगाव, महादजींनी कोंडी केली, इंग्रजांना नामुष्कीचा करार करावा लागला, तो त्यांनी नंतर नाकारला आणि लढाई १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालली. एकाच कंपनीची तीन तोंडं तीन वेगळ्या गोष्टी बोलत होती. १७७३ चा कायदा असताना १७८४ चा का लागला याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्याच कायद्याने कलकत्त्यात आणलेल्या सुप्रीम कोर्टाचा गोंधळही होता, कोर्टाचा अधिकार कोणावर आणि कौन्सिल मोठं की कोर्ट, ते १७८१ च्या दुरुस्तीने थोडं निस्तरलं. त्यावर एक ओळ पुरे.

सातूची_वही

बाप रे, वडगाव आणि रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट यांचा संबंध कोणी कधी शिकवलाच नव्हता, शाळेत दोन वेगवेगळ्या धड्यांत होतं ते. खूप आभार दोघांचे.

दोन शंका. दप्तरखाना सर, पिट्स इंडिया अ‍ॅक्टनंतर कंपनीवर देखरेख करायला सरकारचं बोर्ड ऑफ कंट्रोल आलं पण डायरेक्टर पण राहिलेच ना, मग शेवटचा शब्द कोणाचा? आणि पाणलोट दादा, साऊथ ल्होनाक धोक्याचा आहे हे आधी माहीत नव्हतं का? माझ्या नोट्समध्ये आहे की तिथे पाइप टाकून पाणी काढलं होतं.

दप्तरखाना

शेवटचा शब्द कागदावर बोर्डाचा. सहा जण, त्यात अर्थमंत्री आणि एक सेक्रेटरी ऑफ स्टेट (मंत्री), बाकी प्रिव्ही कौन्सिलचे, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचे. कंपनीचे लष्करी, मुलकी आणि महसुली सगळे कागद ते बघणार, पत्रं बदलणार, आणि गुपित मामला असेल तर तीन डायरेक्टरांच्या गुप्त समितीमार्फत थेट हुकूम पाठवणार, बाकीच्या डायरेक्टरांना पत्ताही नाही.

पण गंमत नेमणुकांची आहे, इथे जरा थांबून बघा. १७८३ मध्ये तेव्हाचा मंत्री फॉक्स याने बिल आणलं होतं, त्यात कंपनीच्या नेमणुकासुद्धा सरकारने नेमलेल्या सात कमिशनरांच्या हातात जाणार होत्या. राजाने लॉर्ड्सना निरोप धाडून ते बिल पाडलं आणि मंत्रिमंडळही गेलं. नवा पंतप्रधान पिटने त्यावरून धडा घेतला, धोरण सरकारकडे घेतलं आणि नोकऱ्या वाटायचा हक्क डायरेक्टरांकडेच ठेवला. ज्यांच्या हातून राज्य काढलं त्यांच्या हातात आपल्या पोरांना, पुतण्यांना हिंदुस्थानात चिकटवायची सोय राहिली, म्हणून ते गप्प बसले. ती सोय थेट १८५३ मध्ये स्पर्धा परीक्षा आली तेव्हा गेली. तुम्ही ज्या परीक्षेला बसताय तिची मुळं तिथपर्यंत जातात, एवढं तरी लिहाच.

तरी दोन्ही बाजूंनी ओढाताण चालूच होती. चार पलटणींचा खर्च कंपनीने द्यायचा की नाही यावर डायरेक्टर अडून बसले तेव्हा पिटने १७८८ ला डिक्लरेटरी अ‍ॅक्ट करून सांगितलं की बोर्ड म्हणेल तसंच होणार. पहिल्या अफगाण युद्धाच्या वेळी हुकूम गुप्त समितीच्या वाटेने गेले आणि खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. आणि उलटंही झालं, १८४४ मध्ये मंत्रिमंडळाची इच्छा नसताना डायरेक्टरांनी गव्हर्नर जनरल एलेनबरोला परत बोलावलं, कारण तो अधिकार त्यांच्याकडे शिल्लक होता. म्हणून "१७८४ नंतर कंपनी नुसती नावाला उरली" असं लिहू नका, ते खरं नाही.

अजून एक. १७८४ च्या त्याच कायद्यात लिहिलंय की हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणं हे या राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध, इभ्रतीविरुद्ध आणि धोरणाविरुद्ध आहे. तिथून ३३ वर्षांत शनिवारवाड्यावर युनियन जॅक लागला. नियंत्रण म्हणजे विस्ताराला आळा असं समजून लिहिलेली उत्तरं इथेच चुकतात. नियंत्रण लंडनच्या सोयीसाठी होतं. १८१३ ला चहा आणि चीन सोडून व्यापाराची मक्तेदारी काढली, १८३३ ला व्यापारच बंद केला आणि कंपनीला नुसतं राज्य चालवायला ठेवलं, आणि १८५८ ला तेही काढून घेतलं. या तिन्हीसाठी मिळून एक परिच्छेद पुरेल.

पाणलोट

हो ताई, माहीत होतं. हीच तर दुःखाची गोष्ट आहे. उपग्रहाच्या फोटोंवरून तो तलाव वाढतोय हे दहा वर्षं आधीपासून शास्त्रज्ञ लिहीत होते, २०१६ मध्ये तिथे पाइप टाकून सायफनने पाणी उपसायचा प्रयत्नही झाला, ५२०० मीटर उंचीवर, जिथे नुसतं सामान पोचवायचं म्हणजे जिवाची ओढाताण. पण एवढ्या मोठ्या तलावाला तेवढे पाइप कसे पुरणार. आणि पूर्ण इशारा यंत्रणा उभी राहायच्या आधीच तो फुटला.

पाणी कमी करून दाखवलंय नेपाळने. त्शो रोल्पाची पातळी चर खणून २००० साली ३ मीटरने उतरवली, इम्जाची २०१६ मध्ये ३.४ मीटरने. म्हणजे अशक्य नाही, पण खर्चिक आणि एका वेळी एकच तलाव. आपल्याकडे एनडीएमएच्या (राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या) मार्गदर्शक सूचना २०२० च्या, आणि १५० कोटींचा राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर झाला २०२४ मध्ये, सिक्कीम होऊन गेल्यावर. अरुणाचल, सिक्कीम, उत्तराखंड आणि हिमाचल ही चार राज्यं त्यात आहेत. उपायांत "अर्ली वॉर्निंग बसवावी" एवढंच लिहून सोडू नका, वरच्या तलावावरून निघालेला निरोप खालच्या धरणाच्या गेटवर बसलेल्या माणसापर्यंत किती मिनिटांत पोचणार आणि गेट उघडायचा हुकूम त्याने कोणाकडून घ्यायचा, हे लिहा.

अलकनंदा_काठ

मी इथे फार लिहीत नाही पण हे शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. निरोप वेळेत पोचला की काय होतं याची गोष्ट याच हिमालयात सव्वाशे वर्षांपूर्वी घडलीय, गढवालमध्ये.

१८९३ च्या सप्टेंबरात बिरही गंगेवर डोंगर कोसळला आणि नदी अडून गोहना तलाव तयार झाला. हा दरडीचा तलाव होता, हिमनदीचा नाही, हे आधीच सांगते म्हणजे तुमच्या उत्तरात परत लाल गोल नको. इंजिनिअरांनी जाऊन पाहणी केली, पाणी कधी काठोकाठ येईल याचा हिशोब मांडला, साधारण पुढच्या ऑगस्टच्या मध्यावर. मग वर्षभर तयारी. तलावापासून खालपर्यंत तारेची लाइन टाकली, झुलते पूल काढून ठेवले, लोकांना वर हलवलं. २५ ऑगस्ट १८९४ च्या रात्री बांध फुटला, अलकनंदेला न भूतो असा पूर आला, गढवालचं श्रीनगर वाहून गेलं, पण माणसं गेली फक्त पाच, एक फकीर आणि त्याच्या घरचे, त्यांना हलवलं होतं तरी ते परत फिरले होते.

मी त्या खोऱ्यात बरीच वर्षं कामानिमित्त राहिलेय, अलकनंदेच्या काठाने जाताना दरवेळी ही गोष्ट आठवते. त्या वेळी उपग्रह नव्हते, मोबाइल नव्हते. पण वर बघणारा माणूस, तारेवरचा माणूस आणि लोकांना उठवून हलवायचा अधिकार असलेला माणूस, हे एका साखळीत होते. तुमचे दोन्ही प्रश्न मला म्हणूनच जवळचे वाटतात. १७७५ ला राघोबाबद्दल माहिती मुंबईत, अधिकार कलकत्त्यात आणि मंजुरी लंडनमध्ये. साऊथ ल्होनाकची माहिती शास्त्रज्ञांकडे, धरण एका कंपनीकडे आणि गाव तिसऱ्याच कोणाच्या ताब्यात. उत्तरात अशी तुलना करू नका, दोन वेगळे पेपर आहेत, पण समजून घेताना उपयोग होईल.

सातूची_वही

ताई, अंगावर काटा आला वाचून. मी काल रात्री दोन्ही उत्तरं पुन्हा लिहिली. कंपनीचं उत्तर १७७२ च्या कर्जापासून सुरू केलं, मग कौन्सिलमधलं अल्पमत, सुरत आणि पुरंदर, तिथून पिट. चार्टर अ‍ॅक्ट खरंच एका परिच्छेदात बसले, एलेनबरो पण घेतला.

पुराच्या उत्तरात खाचेचं चक्र घातलं, चमोली वेगळं काढलं. आणि इस्रोने २०२४ ला दिलेले आकडे टाकले, की १० हेक्टरपेक्षा मोठे २४३१ तलाव, त्यातले ६७६ १९८४ पासून बरेच वाढलेत आणि त्यांपैकी १३० भारतात आहेत. शेवटी लिहिलं, "म्हणून हे १३० तलाव सर्वांत धोकादायक आहेत." बरोबर आहे ना?

पाणलोट

बाकी सगळं छान जमलंय, आकडेही बरोबर आहेत, ते शेवटचं वाक्य तेवढं काढा. वाढलेला तलाव म्हणजे लक्ष ठेवायचा तलाव, धोकादायक ठरवायला अजून तीन गोष्टी बघाव्या लागतात. बांध कशाचा आहे, कारण त्या ६७६ मधले ३०७ च हिमोढाने अडलेले आहेत, बरेचसे खडकातल्या झिजलेल्या खळग्यांत बसलेत आणि ते असे फुटत नाहीत. वरच्या उतारावर लोंबकळणारा बर्फ किंवा सुटणारा कडा आहे का. आणि खाली कोण राहतं. शिवाय सीमेपलीकडचे तलाव सोडू नका, ११ जुलै १९८१ ला तिबेटमधला तलाव फुटला आणि नेपाळमधला सुनकोशीचा वीजप्रकल्प जायबंदी झाला. आपल्या नद्यांचंही तेच आहे, बरेचसे वाढलेले तलाव आपल्या हद्दीबाहेर आहेत आणि पाणी मात्र आपल्याकडे येतं.

"या १३० तलावांची प्रत्यक्ष जाऊन तपासणी आधी व्हायला हवी" असं लिहा.